अकरा वाजताचा पिवळा ठिपका

ऑफिसात त्याला सगळे बिनचूक म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी वैतागून म्हटलं होतं, पण त्याला ते कौतुक वाटलं, आणि टोमणाच ज्याला कौतुक वाटतो त्याला पुढे कोण काय सांगणार? दहा वर्षं त्याने ते नाव असं काही मिरवलं की लोक त्याचं खरं नाव विसरून गेले. त्याची त्याला खंत नव्हती. खरं नाव काय, बापाने ठेवलेलं; हे त्याने स्वतः कमावलं होतं.

काम बसल्या जागेचं होतं. लिफ्टमध्ये मजल्यांच्या बटणांखाली घंटेचं चित्र असलेलं एक लाल बटण असतं. लिफ्ट अडकली की ते दाबायचं, मग आतला डबा फोन लावतो आणि पलीकडून माणूस बोलतो. हे डबे त्याची कंपनी सांभाळायची. डब्यातलं सिम काढता-घालता येणारं नसतं. नखाएवढी चिप कारखान्यातच पक्की बसवलेली असते. कुठल्या नेटवर्कवर बोलायचं हे ठरवणारं प्रोफाइल त्या चिपमध्ये दुरून पाठवायचं, दुरून चालू करायचं आणि नको झालं की दुरूनच पुसायचं. बिनचूकच्या हाताखाली असे चार हजार आठशे बारा डबे होते आणि त्यातल्या एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. स्वतः राहायचा तळमजल्यावर, ऑफिस पहिल्या मजल्यावर. लिफ्टशी त्याचा संबंध फक्त पडद्यावर यायचा.

ज्यांचा संबंध तेलाशी, तारांशी आणि खड्ड्यांशी यायचा, त्या मेकॅनिक लोकांना तो मोजायचाच नाही. त्यांचे फोन आले की आवाज बारीक करून बाजूला ठेवायचा. पलीकडचा माणूस दोन मिनिटं बोलून दमला की, ‘ठीक आहे, बघतो,’ म्हणायचा आणि बघायचा नाही. दुर्दैवाने असाच एक मेकॅनिक त्याच्या घरातच होता. बायकोचा धाकटा भाऊ बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता, आणि दर रविवारी सासूबाईंना घेऊन जेवायला यायचा. हात घासून घासून धुऊनच पानावर बसायचा बिचारा, पण नखांच्या कडांना राहिलेली काळी रेघ बिनचूकला बरोब्बर दिसायची. जेवता जेवता त्याची नजर तिथेच जायची आणि मेहुणा बोटं आत वळवून घ्यायचा.

त्या वर्षी कंपनीने नेटवर्क बदललं. सगळ्या डब्यांत नवं प्रोफाइल घालायचं ठरलं. पद्धत सोपी होती. नवं पाठवायचं, डबा त्यावर गेला की ‘पोचलो’ असं कळवतो, पण जुनं लगेच पुसायचं नाही. नवं नेटवर्क कुठे मिळालं नाही तर डबा आपला आपण जुन्यावर परत जातो आणि काम चालू राहतं. आणि जुनं पुसण्याआधी कंपनीत एक रिवाज होता. मेकॅनिकने लिफ्ट अगदी तळाला न्यायची, तिथे दार लावून लाल बटण दाबायचं, पलीकडच्या माणसाशी दोन शब्द बोलायचं. मग तक्त्यात ‘तळाची घंटा’ नावाच्या रकान्यात खूण व्हायची. ती खूण नसेल तर पुसणं नाही.

हा रकाना बिनचूकने पहिल्याच बैठकीत उडवला. डबा दर तासाला स्वतःहून हजेरी देतो, मग तेलकट अंगठ्याची साक्ष कशाला हवी, असं तो म्हणाला. मेकॅनिक हजारो लिफ्ट खाली-वर करत बसले तर काम संपायला वर्ष जाईल, हेही म्हणाला. साहेबांना रकाने कमी होताना बघून नेहमीच प्रगती झाल्यासारखं वाटायचं. त्यांनी मान हलवली. बिनचूकच्या मते साहेबांना पगार मान हलवण्याचाच मिळत होता, आणि तेवढं काम ते चोख करत.

नवी प्रोफाइल भराभर गेली. पडद्यावर प्रत्येक डब्याचा एक ठिपका, नव्यावर असेल तर हिरवा, जुन्यावर परत गेला तर पिवळा. तीन आठवड्यांत सगळं हिरवंगार व्हायला हवं होतं, पण शंभर-दीडशे ठिपके दिवसातून मध्येच पिवळे व्हायचे आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा हिरवे. आज हे, उद्या ते. बिनचूकच्या कपाळावर आठी चढायची. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, का बरं होतंय असं? ह्याला वाटलं, डबे धरसोड करतायत. जुन्याची सवय सुटत नाही, बाकी काही नाही. जुनं पुसून टाकलं की जातील कुठे?

हे सगळं त्याने रविवारी दुपारी जेवताना रंगवून सांगितलं. मेहुणा त्या दिवशी बॅग घेऊनच आला होता, कारण जेवण झालं की त्याला दुसऱ्या गावी कामावर जायचं होतं. सासूबाई कौतुकाने ऐकत होत्या. त्यांना ह्यातलं काही कळत नव्हतं आणि म्हणूनच त्यांचा जावयावर फार विश्वास होता. बसल्या जागी बोट दाबून हजारो लिफ्ट हलवणारा जावई, असं त्या शेजारणींना सांगत. जावई लिफ्ट हलवत नाही, लिफ्ट मुलगा हलवतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, आणि मुलाने ते कधी सांगितलंही नव्हतं.

हात धुऊन झाल्यावर बिनचूकने टेबलावरच लॅपटॉप उघडला.

“हा बघ, तुमच्याच इमारतीतला डबा,” तो मेहुण्याला म्हणाला. “मागची लिफ्ट. रोज अकरा वाजले की रुसतो. दहा मिनिटं पिवळा, मग आपला आपण ताळ्यावर. तुझ्या लिफ्टसुद्धा तुझ्यासारख्याच रे, उगाच तोंड पाडून बसणाऱ्या.”

सासूबाई हसल्या. मेहुणा हसला नाही. तो पडद्यापाशी वाकून बघत राहिला.

“अकराला आई कपडे घेऊन खाली जाते,” तो म्हणाला. “धुलाईची मशिनं दुसऱ्या तळघरात आहेत. मागची लिफ्ट तेवढीच तिथपर्यंत उतरते. दहा मिनिटं कुणी बोलावलं नाही की ती तळमजल्यावर येऊन थांबते, मीच तसं लावलंय. भाऊजी, डबा रुसत नाहीये. खाली नवं नेटवर्क पोचत नाही, म्हणून तो जुनं धरतोय.”

एवढं साधं होतं ते. तीन आठवडे पडद्यासमोर बसून ह्याला जे दिसलं नाही ते त्या माणसाला पाणी प्यायच्या आत दिसलं. आणि हाच बिनचूकचा खरा राग होता. तक्ता त्याचा, ठिपके त्याचे, आणि काळ्या नखाचं बोट पडद्यावर ठेवून अर्थ सांगणार हा!

तो म्हणाला की तसं असतं तर तासाच्या हजेरीत कळलं असतं. मेहुण्याने शांतपणे सांगितलं की रिकामी लिफ्ट तळमजल्यावर उभी असते, हजेरी तिथूनच जाते. तळघरातून हजेरी द्यायला लिफ्ट तिथे थांबायला तर हवी. मग त्याने हातच जोडले. निदान ह्या एका डब्याचं जुनं प्रोफाइल उद्यापर्यंत ठेवा. मी उद्या दुपारी परत येतो, खाली जाऊन घंटा दाबतो, लागली तर खुशाल पुसा. आईला साखरेचा त्रास आहे, एक वाजता पोटात काही गेलं नाही तर तिला घाम फुटतो, भोवळ येते. खाली अडकली तर त्या घंटेशिवाय तिला कोण आहे? तिथे हाक मारली तर भिंतीसुद्धा ऐकत नाहीत.

“अहो, तो एवढं सांगतोय तर...” बायको म्हणाली.

“अगं, तू ह्यात पडू नकोस,” बिनचूक म्हणाला, आणि सगळ्यांसमोर त्याने त्या एका ठिपक्यावर बोट नेलं. जुनं प्रोफाइल पुसायचं का, असं पडद्याने विचारलं. खात्री आहे का, असंही विचारलं. यंत्राला तेवढी तरी अक्कल होती. बिनचूकने दोन्ही वेळा होय म्हटलं. ठिपका हिरवा होता तो हिरवाच राहिला.

“झालं,” तो म्हणाला. “आता रुसून जाईल कुठे?”

 बॅग उचलताना मेहुण्याने आईला बजावलं की उद्या मागच्या लिफ्टने खाली जायचं नाही, कपडे एक दिवस राहिले तर राहू देत. सासूबाईंना फार अवघडल्यासारखं झालं. जावयाच्या घरी, जावयाच्या तोंडावर असं बोलायचं असतं का? मुलगा निघून गेल्यावर त्या म्हणाल्या, “जावईबापू, त्याचं मनावर घेऊ नका हं. तुम्ही म्हणता चालतं, म्हणजे चालतं.”

बिनचूकने उदार मनाने मनावर घेतलं नाही.

सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत त्याने उरलेल्या सगळ्या डब्यांतली जुनी प्रोफाइल पुसून टाकली. एकेक कसली, मूठभर मूठभर. पिवळे ठिपके विझले ते पुन्हा पेटलेच नाहीत. डबा चोवीस तास गप्प राहिला तरच ठिपका लाल होणार, असं त्यानेच लावून ठेवलं होतं; उगाच तासा-तासाला लाल दिसून लोक घाबरायला नकोत म्हणून. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले, हिरवा पडदा बघितला, मान हलवली आणि पाठ थोपटून गेले.

अकराला त्याने मुद्दाम मेहुण्याच्या इमारतीचा ठिपका उघडून ठेवला. अकरा वाजले, अकरा पाच झाले, सव्वाअकरा झाले. पिवळं काही दिसलं नाही. त्याला इतका आनंद झाला की त्याने त्या हिरव्या ठिपक्याचा फोटो काढून मेहुण्याला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजच काय, असं त्याला वाटलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मेहुण्याचा फोन आला. बिनचूकला वाटलं, आला कबूल करायला. त्याने आवाज बारीक केला नाही.

मेहुणा धापा टाकत होता. तो आत्ताच घरी पोचला होता. आई घरात नव्हती, ताट झाकलेलं तसंच होतं, कपड्यांची टोपली जागेवर नव्हती. मागची लिफ्ट बोलावली तर येत नव्हती. शेजारी सांगत होते की ती सकाळपासूनच येत नाहीये, म्हणून सगळे पुढच्या लिफ्टने जातायत.

“डब्यातून फोन आला होता का, तेवढं सांगा.”

बिनचूकने बघितलं. फोन आलेला नव्हता. ठिपका हिरवा होता. त्याने तसं सांगितलं, आणि म्हणाला, “असतील शेजारीपाजारी गप्पा मारत. बटणच दाबलेलं नाही, म्हणजे आत कुणी नाही.”

पलीकडून फोन बंद झाला.

बिनचूकने खुर्ची सरळ केली. उगाच खात्री करावी म्हणून त्याने डब्याला साद घातली. उत्तर आलं नाही. शेवटची हजेरी बघितली, ती दहा वाजून चाळीस मिनिटांची होती. त्यानंतर तीन हजेऱ्या चुकल्या होत्या आणि ठिपका हिरवागार बसला होता, त्यानेच शिकवल्यासारखा. त्याने जुनं प्रोफाइल परत पाठवायला घेतलं. पाठवतोय, पाठवतोय, पोचलं नाही. पुन्हा पाठवलं. पोचलं नाही. जुनं मिळालं तर डबा बोलणार होता, आणि बोलता येत असतं तरच त्याला जुनं मिळणार होतं. हे कोड्यासारखं त्याच्यासमोर उभं राहिलं. चार हजार आठशे बारा डबे बसल्या जागी हलवणारा माणूस सहाव्यांदा तेच बटण दाबत होता, आणि तो डबा तिथून टॅक्सीने वीस मिनिटांवर होता.

सातव्यांदा दाबून तो उठला आणि बाहेर पळाला.

इमारतीत पोचल्यावर त्याने पुढच्या लिफ्टचं बटण दाबलं आणि मग आठवलं की ती तळघरात जात नाही. तो जिना उतरायला लागला. गेल्या दहा वर्षांत तो एका दमात एवढे जिने उतरला नसेल. खाली ओलसर वास होता, भिंतीवरून पाण्याचे पाइप गेले होते, दिवा एकाआड एक लागत होता. त्याने फोन हातात धरला होता. पहिल्या तळघराच्या वळणावर रेंजची एक काडी उरली होती. दुसऱ्या तळघरात पाय ठेवला तेव्हा तीही गेली. चार हजार डब्यांसाठी जे तपासायचं होतं ते असं पंचवीस पायऱ्यांत तपासून झालं.

मेहुणा गच्चीवरच्या मशीनघरात जाऊन वीज तोडून आला होता आणि आता लिफ्टच्या दारापाशी गुडघ्यांवर बसला होता. लिफ्ट जमिनीपासून वीतभर वर अडकली होती. चादरीचं टोक दाराच्या खाचेत सापडलं होतं, तेवढ्यावर सगळं थांबलं होतं. त्याने तिकोनी चावी फिरवली, दाराच्या फटीत दोन्ही हात घातले आणि ओढलं. काळ्या नखांचे ते हात दार उघडत होते आणि बिनचूक बाजूला उभा होता. त्याने मदतीला हात पुढे केला, पण कुठे धरायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

सासूबाई कपड्यांच्या ढिगावर बसलेल्या होत्या, पाठ भिंतीला टेकून. चेहरा घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते. मेहुण्याने खिशातून साखरेची पुडी काढली आणि चिमूट-चिमूट त्यांच्या जिभेवर ठेवत राहिला. पुडी तो वर्षानुवर्षं खिशात बाळगत असणार. बऱ्याच वेळाने त्यांच्या हातांची थरथर जरा कमी झाली. मग त्यांना दाराशी उभा असलेला जावई दिसला, आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर पदर सावरला.

“तुम्ही कशाला आलात एवढं काम सोडून?” त्या म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. “तुमचं यंत्र चांगलं असणार हो. मीच नीट दाबलं नसेल.”

त्या बाईने तीन तास अंधुक दिव्याखाली बसून एवढंच शोधून काढलं होतं, चूक आपली कशी असेल ते. आता ह्यावर माणसाने काय बोलावं? पाया पडावं, रडावं, निदान गप्प तरी बसावं. बिनचूकने घसा साफ केला.

“तीन सेकंद दाबून धरावं लागतं,” तो म्हणाला.

मेहुण्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग आईचा उजवा हात उचलून अंगठा दिव्याकडे वळवला. नखाखाली रक्त साकळून निळंकाळं झालं होतं, पेराची कातडी सोलवटली होती.  खिशातल्या फडक्याची स्वच्छ बाजू शोधून त्याने अंगठ्याला गुंडाळली आणि आईला उठवलं. एका हाताने तिला धरलं, दुसऱ्याने टोपली उचलली. टोपली बिनचूककडे द्यावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

जिना चढायला त्यांना फार वेळ लागला. दोन पायऱ्या, मग थांबायचं. बिनचूक मागून चढत होता. पहिल्या तळघराच्या वळणावर त्याच्या हातातला फोन थरथरला, रेंजची काडी परत आली होती. आणि तेव्हा त्याला बाकीचे डबे आठवले. त्यातले किती तळघरात उतरतात? त्याला माहीत नव्हतं. ते ज्या रकान्यात कळलं असतं तो रकाना त्यानेच उडवला होता. तो तिथेच भिंतीला टेकला आणि त्याने साहेबांना फोन लावला.

फोन लावला हे बरंच झालं, नाहीतर अजून किती जणांचे अंगठे सोलले असते कुणास ठाऊक. सगळ्या डब्यांत जुनं प्रोफाइल ताबडतोब परत घालावं लागेल, लिफ्ट वर येतील तसतसं ते पोचेल, एवढं त्याने भराभर सांगितलं. साहेबांनी विचारलं असावं की असं झालं कशाने.

“डब्यांचाच दोष दिसतोय,” बिनचूक म्हणाला. “आणि बटण दाबण्यात लोकांची गफलत होते, साहेब. इथेच बघा ना, आत एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी नीट दाबलंच नव्हतं. स्वतः कबूल केलंय त्यांनी.”

जिन्यात आवाज घुमतो. बसल्या जागी काम करणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

चार पायऱ्या वर सासूबाई थांबल्या. मेहुण्याला वाटलं, पुन्हा भोवळ आली. पण त्या कठड्याला धरून सावकाश मागे वळल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावयाकडे पदर न सावरता सरळ बघितलं. बिनचूकच्या कानाशी फोन तसाच होता, पलीकडून साहेब काहीतरी बोलत होते.

“मी नीट दाबलं होतं,” सासूबाई म्हणाल्या, आणि मुलाचा हात धरून वर चढायला लागल्या.